पुढचा डावा

मामा म्हणतो, ट्रकला काही झालेलं नाही,
रस्ताच वाईट आहे.
चौऱ्याऐंशी सालापासून वाईट आहे.

पण परवा मधमाश्यांच्या चोवीस पेट्या
कनोलाच्या शेताकडेला उतरवल्या
तेव्हा त्या अशा चवताळून बाहेर आल्या
की मामाची पापणी दोन दिवस उघडली नाही.
माश्यांना शॉकअ‍ॅब्सॉर्बर म्हणजे काय ते कळत नसेल,
खड्डे मात्र एकूण एक मोजलेले होते त्यांनी.

म्हणून आज शेडमध्ये
जुनी फोर्ड जॅकवर चढवून
मी पुठ्ठ्यावर उताणी, डोळ्यांत गंजाचा चुरा,
आणि ओरेस्तमामा रिकाम्या पेटीवर बसलेला.
गुडघे वाकत नाहीत आता त्याचे,
जीभ मात्र चारी चाकांखालून फिरून येते.
डावीकडे गं. डावीकडे. तुझ्या नव्हे, ट्रकच्या.

मागचे दोन मुकाट निघाले.
पुढचा उजवा कुरकुरला, पण आला.
पुढचा डावा...
सस्कॅचेवानच्या चाळीस हिवाळ्यांचं मीठ
असं बसलंय त्याच्या नटावर
की नट कुठे संपतो नि बोल्ट कुठे सुरू होतो
ते आता त्या दोघांनाही आठवत नसेल.

तेल सोडलं. चहा घेतला. पुन्हा तेल.
पान्याला तीन फुटी पाइप लावून
अंगातला सगळा राग त्यावर टाकला.
पाना सटकला.
बोटांची सालटी निघाली,
नटाचे सहाही कोपरे झिजून गोटीसारखे गुळगुळीत.
मी युक्रेनियनमधून एक शिवी दिली.
मामाने तिचा उच्चार दुरुस्त केला.

शेजारच्या लॉर्नकडून ग्राइंडर आणते म्हटलं, उठले,
तर म्हणाला, थांब.
आणि खिशातून, किल्ल्या, सुतळी, खोकल्याच्या गोळ्या
यांच्या खालून काढला
गेल्या सुगीच्या मेणाचा खडा.
तापव नट. लाल नको करू, नुसता तापव.
आता टेकव.

मेण पाण्यासारखं झालं
आणि आट्यांमध्ये शिरलं, जिथे तेल शिरलं नव्हतं.
जळक्या रबराच्या धुरात
क्षणभर क्लोव्हरच्या फुलांचा वास.
पकड लावली. पाव फेरा.
मग अर्धा.
मग तो असा सुटला, जणू
कधी अडलाच नव्हता, मीच उगाच बोंबलत होते.

जुना शॉक हातात घेऊन दांडा दाबला.
गेला आत, नि आतच राहिला.
कुणी खुर्चीत बसावं
आणि कशासाठी उठायचं ते आठवू नये, तसा.
मामाने तो मागून घेतला.
ओढला, दाबला. ओढला, दाबला.
कोरड्या विहिरीवरचा हातपंप.

कधीपासून असा आहे?
तीन वर्षं.
मग सांगायचं नाही का?
सांगितलं होतं, मामा.
काय म्हणालो मी?

मी उत्तर दिलं नाही. तो जमिनीकडे बघत हसला.

नव्याचा पट्टा कापला तर तो आपणहून
सावकाश लांब होत गेला,
घाई नाही, थांबणंही नाही.
बसवला. चाकं टेकल्यावर शेवटचं आवळलं.
बंपरवर चढून मी उडी मारली:
ट्रक एकदा खाली, एकदा वर, बस्स.

रात्री अकराला पेट्यांवर जाळी टाकून निघालो.
खडीचा रस्ता, लाटालाटांचा,
दिव्यात एक कोल्हा, मग काहीच नाही.
पुढे गुरं अडवायचे लोखंडी नळ आले,
आणि मामाने चाळीस वर्षांच्या सवयीने
एका हाताने डॅशबोर्ड धरला, दुसऱ्याने टोपी.
नळ आले.
नळ गेले.
मागे पेट्यांमधली गुणगुण जराही बदलली नाही.

मैलभर तो तसाच, टोपी धरून.
मग हात हळूच खाली घेतला,
खिडकीबाहेर बघत म्हणाला,
रस्ता नीट केला वाटतं कुणीतरी.